क्वार्टर्सचा रोल

(न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या जून २०२४ च्या उन्हाळी मेळाव्यात, पदवीधर मुलांच्या कौतुकाआधी केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या गराजमध्ये माझं आणि लेकीचं भांडण झालं. ते काही केल्या मनातून जात नाही, म्हणून आज तेच सांगणार आहे. मे महिन्यात तिचं कॉलेज संपलं. नोकरीच्या गावी सामान न्यायचं म्हणून आम्ही दोघी खोकी उपसत होतो. एका खोक्यातून २०२० सालचा, ती बारावी झाली तेव्हाचा, तो अंगणात रोवायचा फलक निघाला, तिच्या फोटोचा. तुमच्यातल्या कितीतरी घरांत तो अजून असेल. मी म्हटलं, हा आता टाकू या. ती म्हणाली, "फलक टाक, पण त्याच्याखाली आहे ते टाकू नकोस."

खाली क्वार्टर्सचा, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यांचा, एक रोल होता. बँकेच्या कागदात घट्ट गुंडाळलेली ४० नाणी, १० डॉलर. चार वर्षांत कोणी उघडलाच नव्हता.

तो कुठून आला ते सांगते. १८ मार्च २०२० ला करोनामुळे आपल्या न्यू जर्सीतल्या शाळा बंद झाल्या. आधी वाटलं, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. ४ मेला गव्हर्नर मर्फींनी जाहीर केलं की हे शालेय वर्ष घरूनच संपणार. प्रॉम, म्हणजे शाळेचा निरोपाचा नाच, गेला. एपीच्या, म्हणजे शाळेतच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षा जेवणाच्या टेबलावर, पाऊण पाऊण तासात. लॉकरमधल्या वस्तू पिशवीत भरून फाटकावर मिळाल्या. १६ मेला, शनिवारी रात्री, ओबामा टीव्हीवरून देशभरच्या बारावीच्या मुलांशी बोलले, तेव्हा लेक पायजम्यात सोफ्यावर बसून ऐकत होती. पदवीदानाचा गाऊन घडी मोडून बघायचीही तिला इच्छा नव्हती. सासूबाई साताऱ्याहून खास यायच्या होत्या. मार्चच्या शेवटी भारतातली विमानं थांबली आणि तिकीट रद्द झालं.

आमच्या गावातल्या एका आईने फेसबुकवर गट काढला, सीनियर, म्हणजे बारावीचं मूल, दत्तक घ्या म्हणून. असे गट त्या दिवसांत बऱ्याच राज्यांत निघाले होते. आईवडिलांनी मुलाचा फोटो आणि चार ओळी टाकायच्या, कोणीतरी "हा माझा" म्हणायचं आणि दाराशी काहीतरी ठेवून जायचं. मला ते टाकायला आठ दिवस लागले. आपलं धड चाललंय, परक्यापुढे हात कशाला पसरायचा? शेवटी नवऱ्याने टाकलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दाराशी कपडे धुवायला न्यायची जाळीची पिशवी दिसली. आत लांब वायरचा चार्जर, पॉपकॉर्नची पाकिटं, साबण आणि हा रोल. सोबत चिठ्ठी होती: डॉर्ममधली (हॉस्टेलमधली) कपडे धुवायची मशिनं रात्री अकरानंतर रिकामी असतात, तेव्हा जा. शेजारच्या गावातल्या एक निवृत्त बाई. आम्ही त्यांना आजवर पाहिलेलं नाही. त्याच महिन्यात देशभर नाण्यांची टंचाई झाली, फेडरल रिझर्व्ह बँकांना नाणी मोजूनमापून द्यायला लागलं, दुकानादुकानांत सुटे देण्याच्या विनंतीच्या पाट्या लागल्या. आणि आमच्या टेबलावर ४० क्वार्टर्स. सप्टेंबरमध्ये कॉलेज ऑनलाइन सुरू झालं. वर्षाने लेक डॉर्ममध्ये गेली तेव्हा तिथल्या मशिनला नाण्यांऐवजी कार्ड लागत होतं. रोल तसाच राहिला.

तर गराजमध्ये लेक म्हणाली, "आई, या बाईंनी मी कुठल्या कॉलेजात चाललेय हेसुद्धा विचारलं नव्हतं. मंडळात मला पहिला प्रश्न तोच असायचा."

मी म्हटलं, अगं, आपल्या माणसांना कौतुक असतं म्हणून विचारतात. तिथून भांडण पेटलं. तिने विचारलं, "मग झूमवरच्या सत्कारात तो का नव्हता?"

तो म्हणजे मराठी शाळेत तिच्या शेजारी बसणारा मुलगा. गणपतीत झांजा वाजवायचा, मोदक वळायला पोरींच्या बरोबरीने बसायचा. जुन्या मंडळींना आठवला असेल. त्या वसंतात त्याच्या वडिलांची नोकरी गेली आणि तो किराणा दुकानात कामाला लागला. आपण घरात बसून डाळ-तांदूळ मागवत होतो, तेव्हा ते पिशव्यांत भरणाऱ्यांमध्ये हा अठरा वर्षांचा पोरगा होता.

गुणवंतांच्या सत्काराचा फॉर्म मी केला होता. नाव, शाळा, जीपीए म्हणजे गुणांची सरासरी, कॉलेज. त्याच्या आईने वेळेत भरून पाठवला, शेवटचा रकाना तेवढा मोकळा. मी फोन केला नाही. अपूर्ण म्हणून बाजूला ठेवला. त्याची स्लाइड झालीच नाही. कार्यक्रमभर त्याच्या आईचं नाव त्या झूमच्या यादीत दिसत होतं, कॅमेरा बंद. सगळ्यांच्या मुलांसाठी टाळ्या वाजवून झाल्यावर सर्वांत शेवटी तिचं नाव गेलं. हे मला तेव्हाही दिसलं होतं. लेकीला मी काय उत्तर देणार?

आपण सगळे टक्क्यांवर वाढलेलो आहोत. निकालाच्या दिवशी पेढा हातावर पडायच्या आधी "किती?" यायचं. वाड्यात, चाळीत, कॉलनीत, सगळीकडे तेच. त्यातून आपण इथवर आलो, हे खरंच आहे. पण ती मोजपट्टी आपण बॅगेत भरून आणली आणि इथल्या मुलांना लावतो आहोत, आणि त्यांना ती टोचते. याच मंडळाने त्या वर्षी इथे अडकून पडलेल्या आईवडिलांची औषधं घरपोच केली. कोणाच्या दारात कोण, कुठल्या जिल्ह्याचं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. मग मुलांच्या बाबतीत आपला हात का आखडतो?

सासूबाईंची गोष्ट सांगते. साताऱ्याला त्यांच्या शेजारची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीवर गुण मिळाले. लोक म्हणाले, सुटलीस! पण पोरगी रडत बसली. त्यांच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील जोडीने आहेत, आणि तिने सगळा ब्राझील पाठ केला होता. सासूबाई संध्याकाळी पायरीवर बसून कुंपणापलीकडे हाक मारायच्या, "ये गं, आज काय सांगतेस?" ती उभी राहून अॅमेझॉन सांगायची, तिथली जंगलं, पाऊस, लोकसंख्या. सासूबाई सातवी शिकलेल्या. बरोबर की चूक त्यांना काय कळणार, पण आठ दिवस त्यांनी तिचा पेपर ऐकून घेतला. शेवटच्या दिवशी कुंपणाच्या खांबावर लिमलेटच्या गोळ्यांची पुडी ठेवली आणि मागे सरकल्या, पोरीला उचलता यावी म्हणून. मला फोनवर म्हणाल्या, "अगं, मला आता ब्राझीलच्या नद्या येतात."

त्या पुडीचा आणि या रोलचा मी तीन आठवडे विचार करते आहे.

आज समोर बसलेल्यांपैकी जी मुलं आता कॉलेजातून बाहेर पडत आहेत, त्यांच्यात २०२० ची बरीच आहेत. यंदा एप्रिल-मे महिन्यांत सदर्न कॅलिफोर्निया आणि कोलंबिया विद्यापीठांनी मुख्य पदवीदान समारंभ रद्द केले. तिथल्या काही मुलांचा तर दुसऱ्यांदा हुकला. बाळांनो, आज तुमच्यासाठी जे काही करतो आहोत ते अपुरं आहे, मला ठाऊक आहे.

यंदाच्या फॉर्ममधून मी जीपीए आणि कॉलेज हे दोन्ही रकाने काढले. त्याजागी एकच प्रश्न घातला: गेल्या वर्षी तुझ्या उपयोगी कोण पडलं? मुलांनी भरभरून लिहिलंय. लायब्ररीतल्या बाई, बसचा ड्रायव्हर, रूममेटची आई, एकाने तर कॅन्टीनमध्ये रोज एक चपाती जास्त देणाऱ्या आजी लिहिल्या आहेत. ते आज वाचून दाखवणार आहोत. आणि तीन दिवसांत नऊ पालकांचे निरोप आले, कॉलेजचं नाव कुठे लिहायचं? मी कोणाला बोल लावत नाही. चार वर्षांपूर्वी तो रकाना मीच केला होता. पण पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलली की तो परत येईल का, याची मला धास्ती वाटते.

रोल आत्ता माझ्या पर्समध्ये आहे. लेक म्हणाली, तो त्याला दे. त्याच्या आईचा नंबर लागत नाही. जुन्या घरी जाऊन आले, तिथे दुसरं कुटुंब राहतं, अंगणात लहान मुलाची सायकल होती. कोणी म्हणतं ते टेक्सासला गेले, कोणी म्हणतं इथेच आहेत, फक्त येत नाहीत. तुमच्यापैकी कोणाला पत्ता ठाऊक असेल तर जेवणाच्या वेळी मला सांगा. मी चहाच्या टेबलापाशी उभी असेन.