छपराखालचे पूल : पार्क काउंटी, इंडियाना

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या पश्चिमेला, वाबाश नदीच्या काठी, पार्क नावाची काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. मका आणि सोयाबीनची शेते, मधूनमधून दाट झाडी आणि तिच्यातून वळणे घेत जाणारे ओढे, असा हा मुलूख. या ओढ्यांवर आजही ३१ लाकडी पूल उभे आहेत आणि त्या प्रत्येकाला भिंती आहेत, छप्पर आहे. एकेकाळी त्यांची संख्या पन्नासच्या वर होती.

पुलाला छप्पर कशासाठी, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात हमखास येतो. वाटसरूला पावसात आडोसा मिळतो हे खरे, पण छप्पर घातले आहे ते लाकडासाठी. पुलाचा भार तोलणाऱ्या कैचीत, म्हणजे तुळया एकमेकींत जोडून केलेल्या सांगाड्यात, जेथे एक तुळई दुसरीच्या खाचेत बसते, तेथे पाणी मुरले की लाकूड आतून कुजू लागते आणि उघडा पूल दहा-पंधरा वर्षांतच निकामी होतो. वरून छप्पर आणि बाजूंनी फळ्या असल्या, की तेच लाकूड शंभर-दीडशे वर्षे काम देते. छपराची कौले आणि बाजूच्या फळ्या ऊनपाऊस झेलून खराब होतात. त्या वेळोवेळी बदलायच्या आणि आतला सांगाडा राखायचा, हा या बांधणीमागचा हिशेब.

तो सांगाडा आत शिरल्यावर दिसतो. डोळे अंधाराला सरावले, की दोन्ही बाजूंना एकामागून एक उभे खांब आणि पुलाच्या मध्याकडे कललेले तिरपे टेकू दिसू लागतात. प्रत्येक टेकूचे डोके खांबाला कोरलेल्या खांद्यात घट्ट बसलेले असते. या साऱ्याला कवेत घेणारी एक मोठी लाकडी कमान पायांखालच्या फळ्यांच्याही खाली उतरते आणि काठावरच्या दगडी बांधकामात पाय रोवते. थिओडोर बर या अमेरिकी कारागिराने १८१७ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. कमान भार पेलते आणि कैची तिला डुलू देत नाही.

काउंटीतले बहुतेक पूल जे. जे. डॅनियल्स आणि जे. ए. ब्रिटन या दोघांच्या हातचे. पाटी न वाचताही ते ओळखता येतात : डॅनियल्सच्या पुलांचे तोंड वरून गोलाकार असते, तर ब्रिटनच्या पुलांचे वरचे दोन कोपरे तिरपे छाटलेले असतात. शुगर क्रीक या ओढ्यावरचा जॅक्सन पूल डॅनियल्सने १८६१ मध्ये बांधला. सुमारे २०० फुटांचा एकच गाळा, मध्ये कोठेही आधार नाही. कमानीवरचा एवढा विश्वास पाहून आजही मन थक्क होते. येथील अनेक पुलांच्या तोंडावर ‘पुलावरून संथ चालीनेच जावे’ अशी सूचना रंगवलेली आहे. दुडक्या चालीने जाणाऱ्या घोड्यांच्या एकसारख्या टापांनी सारा सांगाडा हादरू लागतो, म्हणून ही ताकीद.

१९५७ पासून दर ऑक्टोबरमध्ये या पुलांचा उत्सव भरतो आणि एरवी शांत असलेल्या या रस्त्यांवर गर्दी उसळते. ज्या गावांत लोक आवर्जून थांबतात, त्यांपैकी एक ब्रिजटन. येथे रॅकून क्रीकवर, जुन्या पिठाच्या गिरणीशेजारी, डॅनियल्सने १८६८ मध्ये बांधलेला दोन गाळ्यांचा पूल होता. २८ एप्रिल २००५ च्या रात्री कोणी तरी त्याला आग लावली. ज्या छपराने १३७ वर्षे पाणी बाहेर ठेवले, त्याचा आगीपुढे उपयोग नव्हता. कोरड्या लाकडाने भराभर पेट घेतला आणि पूल ओढ्यात कोसळला.

काँक्रीटचा पूल शेजारीच होता, त्यामुळे वाहतूक अडली नव्हती. तरीही गावकऱ्यांनी जुन्याच जागी, जुन्याच पद्धतीने लाकडी पूल उभारायला घेतला. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, तो पुन्हा उभा राहिला : तेच दोन गाळे, तीच बरची कमान, तेच गोलाकार तोंड. आणि लाकूड अगदी नवे असतानाच त्यावर छप्पर चढले.