एक कुपी, तीन नाकं

ही कुपी पाहा. आत एकच रसायन आहे, अँड्रोस्टेनोन. एकाच्या नाकाशी धरली तर तो तोंड फिरवून म्हणतो, शी, मुतारीचा वास! दुसरीला वास गोडसर लागतो, थोडा व्हॅनिलाकडे झुकणारा. तिसरा कुपी उलटसुलट करून विचारतो, "रिकामी आहे का?"

तिघंही खरंच बोलताहेत.

हे रसायन नर डुकराच्या लाळेत भरपूर असतं. माजावर आलेली डुकरीण या वासानं जागच्या जागी खिळून उभी राहते. माणसाच्या घामातही ते असतं, अगदी किंचित.

आता नाकात शिरू. वर, पार छतापाशी, वास टिपणाऱ्या लाखो चेतापेशी आहेत. एका पेशीवर ग्राहक प्रथिनाचा, म्हणजे वासाचा रेणू पकडणाऱ्या प्रथिनाचा, एकच प्रकार. माणसाकडे असे सुमारे ४०० प्रकार आहेत. ही प्रथिनं घडवणाऱ्या जनुकांचं घराणं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उजेडात आणलं. २००४ चं नोबेल त्यासाठीच. घराणं मोठं, पण माणसात त्यातली निम्म्याहून जास्त जनुकं मोडीत निघालेली.

अँड्रोस्टेनोन टिपणाऱ्या ग्राहकाचं जनुक मात्र चालू आहे. पत्ता, १९ वं गुणसूत्र. नाव अगदी रूक्ष: ओआर७डी४. त्यावरून घडणारं प्रथिन म्हणजे ३१२ ॲमिनो आम्लांची माळ. कापडात टाके घालावेत तशी ती पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाते. मधल्या खाचेत अँड्रोस्टेनोनचा रेणू बसला की माळ जराशी हलते. तेवढ्यानं आतलं जी-प्रथिन, म्हणजे निरोप पुढे नेणारं प्रथिन, जागं होतं, पटलातल्या वाटा उघडतात, कॅल्शियम आणि सोडियम आत घुसतात आणि मेंदूकडे संदेश सुटतो.

मग तिसऱ्याच्या नाकात काय बिघडलं?

२००७ मध्ये रॉकफेलर आणि ड्यूक विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं, की या माळेतले दोन मणी काही लोकांत वेगळे असतात. ८८ व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन, १३३ व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन. असं प्रथिन अँड्रोस्टेनोनला जवळपास दादच देत नाही. ज्यांच्याकडे आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून नेहमीची प्रत आली, त्यांना वास उग्र आणि घाणेरडा वाटतो. बदललेली प्रत असलेल्यांना तो फिका लागतो, तितका वाईटही नाही.

तरी सगळा हिशेब या एका जनुकावर मांडता येत नाही. १९८९ चा एक प्रयोग आहे. हा वास मुळीच न येणाऱ्या २० जणांना तो रोज, आठवडेच्या आठवडे हुंगायला लावला. त्यातल्या १० जणांना तो येऊ लागला.

बिचारे!