डास चावल्यावर, आणि चावण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

डास चावला की हात आपोआप तिथं जातो. खाजवलं की क्षणभर बरं वाटतं आणि लगेच खाज आणखी जोरात सुटते. असं का होतं ते आधी बघू, कारण उपाय त्यातच आहे.

रक्त पिते ती फक्त मादी. अंडी घालण्यासाठी लागणारी प्रथिनं तिला रक्तातून मिळतात. नर बिचारा फुलांच्या रसावर भागवतो. मादीच्या सोंडेत केसाहून बारीक अशा सहा सुया असतात. काही कातडीत वाट करतात, एक रक्त ओढते आणि एकीतून तिची लाळ आत जाते, रक्त गोठू नये म्हणून. ही परकी लाळ आली की आपलं शरीर हिस्टामाइन नावाचं रसायन सोडतं. त्यामुळे गांध उठते, कातडी लाल होते, खाज सुटते. खाजवाल तितकी ती जागा चिडते आणि सुजते.

म्हणून पहिलं काम ती जागा शांत करायची. साबणपाण्यानं धुवा आणि रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा. बर्फ थेट कातडीवर नको. बहुतेक चाव्यांना एवढं पुरतं. खाज राहिलीच तर कॅलामाइन लोशन लावा, किंवा एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलम दोन-तीन दिवस अगदी पातळ लावा. जखमेवर मात्र नको. घरात दोन्ही नसेल तर चमचाभर खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून लेप करा आणि दहा मिनिटांनी धुऊन टाका. रात्री झोप लागू देत नाही इतकी खाज असेल तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून ॲलर्जीची गोळी घेता येते. काही गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा ती घेऊन गाडी चालवू नका.

गांधीवर नखानं फुली मारायची सवय पुष्कळांना असते. दुखलं की खाज घटकाभर विसरते, इतकंच. पण नखानं कातडी फाटली की जंतूंना दार उघडं. लहान मुलांची नखं म्हणूनच बारीक कापलेली असावीत. लाली पसरत गेली, जागा गरम लागली, पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. क्वचित एखाद्याचे ओठ सुजतात, श्वास लागतो. तेव्हा थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

आता चावूच नये म्हणून काय करायचं? आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांवरून डास आपल्याला शोधतात. अंगाला लावायच्या औषधांत डीईईटी, पिकॅरिडिन किंवा लिंबू-निलगिरीच्या तेलापासून केलेला घटक आहे का, ते वेष्टनावर वाचा. डीईईटी अमेरिकन लष्करासाठी १९४६ मध्ये तयार झालं, आजही ते भरवशाचं आहे. वेष्टनावरचा टक्का साधारणपणे परिणाम किती वेळ टिकेल ते सांगतो. लावताना हात चुकतो तो घोट्याजवळ आणि कानामागे, आणि डास नेमकी तीच जागा हेरतो. सनस्क्रीन लावणार असाल तर ते आधी, हे नंतर. मुलांच्या तळहातांना लावू नका, हात तोंडात जातात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर काहीच लावू नका. त्याला मच्छरदाणीच बरी. लिंबू-निलगिरीचा घटक तीन वर्षांखालच्या मुलांना नको.

मच्छरदाणी दिवसाही लागते, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस जातीचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. पंखाही कामाचा आहे; डास उडण्यात कच्चा, वाऱ्यापुढे त्याचं चालत नाही. आवाजानं डास पळवणारी यंत्रं आणि मोबाइल ॲप मात्र विसरा, त्यांचा काडीचा उपयोग नाही.

घरातली पिंपं, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासायला हव्यात. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटून बसतात, कित्येक महिने कोरडी राहू शकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला ऊबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून हा आठवड्याचा नेम.

डास चावल्यानंतरच्या दिवसांत ताप आला तर ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन घेऊ नका. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत चालतं. रक्ताची तपासणी करून घ्या, आणि अलीकडे कुठं प्रवास केला होता ते डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा, कारण हिवताप काही आठवड्यांनीही डोकं वर काढतो. डेंग्यूत ताप उतरला की माणूस निर्धास्त होतो, पण धोका असतो तो पुढच्या एक-दोन दिवसांत. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा रोगी मलूल पडला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात न्या.

नमस्कार.