आबांची पत्रिका

नमस्कार मंडळी. आज तुम्हाला माझ्या आबांबद्दल सांगायचंय, आबा म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्याबद्दल सांगायचं तर आधी माझं लग्न कसं कसं लांबत गेलं ते सांगावं लागेल.

आमचं गाव फलटण तालुक्यात, माउलींची पालखी लोणंदवरनं तरडगावला आणि तिथनं फलटणला येते ना, त्या रस्त्याच्या जवळच. आबा शेती करतात आणि वारकरी, पंचवीसेक वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी गेलेत. माझं लग्न ठरलं पुण्याच्या मुलाशी, तारीख २६ एप्रिल २०२०, रविवार आणि अक्षय्य तृतीया. कार्यालयाला विसार दिलेला, आचारी ठरलेला, बस्ता झालेला, आठशे पत्रिका छापून घरात येऊन पडलेल्या. पहिली पत्रिका घरच्या गणपतीपुढं ठेवली आणि दुसरी आबांनी पिशवीत घालून कपाटात ठेवली, ती पांडुरंगाची, चैत्री वारीला जाऊन स्वतः देणार होते.

चैत्री वारीच झाली नाही. देऊळ मार्चमध्येच बंद झालेलं. मग २४ तारखेला रात्री आठला टीव्हीवर ऐकलं की सगळा देशच बंद, आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आईनं गुढीला गाठी बांधली आणि तिथंच खाली बसून रडायला लागली, तिचं बघून मी पण. आबा गुढीची काठी धरून उभे, म्हणाले, "अगं अक्षय्य तृतीया हाय ती, अक्षय्य! ती कुठं संपती का? सरकली दोन महिने पुढं तर काय बिघडलं."

मला तेव्हा खूप राग आला होता त्यांचा. वाटलं यांना काहीच कसं वाटत नाही, पोरीचं लग्न लटकलंय आणि हे कोट्या करतायत. उरलेल्या पत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आई किराणा लिहून द्यायची, साखर दोन किलो, तूरडाळ एक किलो, आणि आबा तोंडाला उपरणं गुंडाळून निघताना रोज तेच म्हणायचे, चला, वाण्याला आमंत्रण देऊन येतो.

मग एक दिवस कार्यालयवाल्यांचा फोन आला, विसार परत मिळणार नाही म्हणाले. आबा काही बोलले नाहीत. त्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर आबा देवापुढं बसलेले, हरिपाठ म्हणत होते पण आवाजच फुटत नव्हता, नुसते ओठ हलत होते आणि हात गुडघ्यावर. मी दारातच थांबले. त्यांनी मला बघितलं, ये म्हणाले, बस. आणि मला वारीतली एक गोष्ट सांगायला लागले.

दिवे घाट चढून सासवडला मुक्काम असतो, एका वर्षी तिथं रात्री असा पाऊस झाला की यांच्या दिंडीचं पालच पडलं, तीसेक माणसं ओल्या कापडाखाली, मिट्ट काळोख, कोण ओरडतंय कोण टाळ शोधतंय, आणि त्यातनं एका म्हाताऱ्या माउलीचा आवाज आला, "आरं कुणाचा तरी पाय माझ्या हातात आलाय, न्या बाबांनो आपापला!" सगळं पाल हसायला लागलं म्हणे. मग कुणीतरी बांबू धरला, कुणी दोरी धरली, अर्ध्या तासात पाल उभं. आबा म्हणाले, "पोरी, हसलं की हाताला जोर येतो. पाल उभं करणारा तो हाय, आपण दोरी धरायची. मी रडत बसलो तर तुझ्या आईला दोरी कोण देणार?"

त्यानंतर मला त्यांच्या कोट्यांचा राग नाही आला कधी.

पुढं पन्नास माणसांत लग्नाला परवानगी मिळायला लागली आणि जूनचा शेवटचा आठवडा ठरला, आषाढीच्या आधी, कारण नंतर चातुर्मास आणि त्या वर्षी अधिक महिना पण होता. अंगणात ताडपत्रीचा मांडव. आठशेतनं पन्नास माणसं काढायची, त्यातली निम्मी तिकडची, विचार करा भावकीत काय होत असेल! आबांनी एकेकाला स्वतः फोन केले. नाना, तुमचं नाव वेटिंगला हाय. आत्या, तुम्ही घरातनंच अक्षता टाका, आमच्या गावाकडं तोंड करून, वाऱ्यानं येतील. एकही माणूस रुसला नाही, मला आजही नवल वाटतं.

आणि दोन दिवस आधी सासूबाईंचा फोन. त्या नणंदेच्या बाळंतपणाला तिच्याकडं गेलेल्या आणि ती सोसायटीच सील झाली, बाहेर पडता येईना. फोनवर बोलताच येत नव्हतं त्यांना. आई म्हणाली पुढं ढकलू. आबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "विहीणबाई, तुमचा मान पहिल्या पाटाचा, पाट तुमचाच राहील, त्यावर मोबाईल बसवतो."

आणि खरंच बसवला हो! पाटाभोवती रांगोळी, उशीला टेकवून मोबाईल, वर हळदीकुंकू. पाऊस भुरभुरत होता. भटजींनी मंगलाष्टका सुरू केल्या आणि ऐन शेवटच्या कडव्याला रेंज गेली, स्क्रीनवर सासूबाई अक्षतांची मूठ उगारलेल्या तशाच थिजल्या. भटजी घड्याळ बघतायत, मुहूर्त जवळ आलेला. आबा पुढं आले, हात जोडले आणि म्हणाले, "गुरुजी, अंतरपाट धरून ठेवा. आई बघत नाही तोवर पोराचं लग्न लागायचं नाही, मुहूर्ताचं माझ्यावर सोडा, मी त्याच्याशी बोलतो." त्याच्याशी म्हणजे कुणाशी ते सगळ्यांना कळलं. अंतरपाटाच्या अलीकडं मी, पलीकडं हे, आणि मांडवात चिडीचूप. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग मोबाईलमधनं आवाज आला, दिसतंय, दिसतंय! आणि अक्षता पडल्या, इकडं पण आणि तिकडं पण.

३० जूनला त्या वर्षी माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, वारी पायी नाहीच झाली. माझ्या सासरी व्हिडिओ कॉल करून आबा म्हणाले, बघ, तुझं वऱ्हाड कमी झालं म्हणून रडत होतीस, माउलींच्या मागं यंदा लाखाचं वऱ्हाड नाही. हसत होते आणि डोळे पुसत होते.

पुढच्या वर्षी पण एसटीच. मग २०२२ ला वारी पायी निघाली. आबा आळंदीला निघाले तेव्हा मी माहेरी होते, लेकीला घेऊन. पिशवी भरताना त्यांनी कपाटातनं ती पत्रिका काढली, २६ एप्रिलची, पिवळी पडलेली. मी म्हटलं, आबा, ही आता कशाला, लग्न होऊन दोन वर्षं झाली.

"लग्न झालं गं," आबा म्हणाले, "पण त्याला आमंत्रण द्यायचं राहिलंय. बिनबोलावता येऊन गेला बिचारा."

आषाढीला ती पत्रिका त्यांनी नामदेव पायरीशी ठेवली आणि मला तिथनंच फोन केला. मागं टाळांचा एवढा आवाज होता की काय म्हणतायत ते काही ऐकू आलं नाही, नुसतं हसणं ऐकू येत होतं.