उलटं चालू नका

(पडद्यावर: लालसर टेकडी. तिच्यातून वर आलेले पत्र्याचे पाईप. फक्त वाऱ्याचा आवाज.)

या टेकडीवर घर दिसतंय का? नाही ना? आता पाईप मोजा. एक, दोन, ते तिकडे आणखी तीन. प्रत्येक पाईपच्या खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे, नाहीतर झोपायची खोली. आपण पाहतोय ते घरांचं छप्पर आहे, आणि आपली गाडीही एका घराच्या माथ्यावरच उभी आहे.

हे कूबर पीडी. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडपासून उत्तरेला ८४६ किलोमीटरवर, स्टुअर्ट हायवेला लागून. वस्ती दीड-पावणेदोन हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान गावाएवढी. त्यातली जवळपास निम्मी माणसं जमिनीखाली राहतात. उन्हाळ्यात वर पारा ४५ च्या पुढे जातो. खाली बाराही महिने २३ ते २५ अंश असतात, त्यामुळे खाली एसीची गरज पडत नाही.

(पडद्यावर: सकाळचे आठ. मोटेलच्या दारात धुळीने माखलेली छोटी बस.)

आमचे गाईड साठी ओलांडलेले. आधी खाणीत होते, आता बस चालवतात. प्रत्येकाला पाण्याची बाटली देतात, माश्यांसाठी तोंडावर घ्यायची जाळी देतात आणि गाडी सुरू करण्याआधी एकच नियम सांगतात. उलटं चालायचं नाही.

आम्हाला आधी ती गंमत वाटली. गावाबाहेर पडलो तेव्हा रस्त्याकडेला तोच नियम पाटीवर दिसला. पाटीवर खड्ड्यात पडणाऱ्या माणसाचं चित्र, आणि खाली लिहिलेलं: धावू नका, खोल खड्डे आहेत, उलटं चालू नका. इथे पडणारा माणूस बहुधा फोटो काढणारा असतो. समोरचं सगळं चौकटीत मावावं म्हणून तो एक पाऊल मागे टाकतो, आणि मागे खाणीची विहीर असते. विहिरीला ना कठडा, ना झाकण.

आमच्या कॅमेरामनचं तर निम्मं काम उलटं चालण्याचंच. दिवसभर त्याच्या पट्ट्याला एक हात धरलेला होता. या फितीत दृश्य कुठे हललेलं दिसलं, तर तो हात माझा आहे.

(पडद्यावर: वरून दिसणारं मैदान. पांढऱ्या-गुलाबी मातीचे हजारो ढीग.)

घुशींनी रात्रभर अंगण उकरावं तसं हे मैदान दिसतं. एकेका ढिगाशेजारी एकेक भोक. साधारण मीटरभर रुंद, आणि खोली पंधरा-वीस मीटर, कधी तीसही. खाणीचं काम संपलं तरी भोकं सहसा तशीच राहतात. का बुजवत नाहीत, असं विचारलं. गाईडचं म्हणणं असं, की उघडं भोक निदान दिसतं. बुजवलेली माती दोन पावसांनी खचते, आणि मग ते भोक दिसतही नाही. आमच्यातल्या दोघांना हे पटलं, तिघांना नाही.

एवढं सगळं उकरलं ते ओपल या रंग चमकवणाऱ्या रत्नासाठी.

१ फेब्रुवारी १९१५. सोनं शोधत फिरणाऱ्या एका छोट्या टोळीने इथे तळ ठोकला होता. सोनं मिळालं नव्हतं आणि पाणी संपत आलं होतं. त्या टोळीत जिम हचिसन यांचा चौदा वर्षांचा मुलगा होता, विली. पाण्याच्या शोधात तो भटकला आणि जमिनीवर पडलेले ओपलचे तुकडे घेऊन परत आला. पहिलं महायुद्ध संपल्यावर सैनिक इथे येऊ लागले. जमीन खणून आत राहायचं कसं, हे ते खंदकांत शिकूनच आले होते. १९२० मध्ये वस्तीला नाव मिळालं. इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले दोन शब्द, कुपा आणि पिती. त्याचा सर्रास सांगितला जाणारा अर्थ आहे 'गोऱ्या माणसाचं बीळ'. इतकं नेमकं नाव फार थोड्या गावांना मिळालं असेल.

(पडद्यावर: जुनी खाण. हेल्मेट घातलेले पर्यटक वाकून आत शिरताना.)

जुन्या खाणीच्या तोंडावर एक लाकडी यंत्र आहे. मराठी माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. तो रहाट आहे. आडवा दांडा, दोर आणि बादली. पाणी शेंदावं तशी माती शेंदायची. एकाने खाली पहार आणि फावडं चालवायचं, दुसऱ्याने वर दांडा फिरवायचा. खालचा माणूसही त्याच दोराने वर यायचा.

आता मोठं गिरमिट मीटरभर रुंद भोक सरळ खाली पाडतं आणि बोगदा यंत्राने कोरतात. फुटलेला मुरूम वर ओढायला ट्रकवर बसवलेलं अजस्र यंत्र असतं, त्याला ब्लोअर म्हणतात. नाव फुंकणाऱ्याचं, पण काम ओढण्याचं. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचा हा थोरला भाऊ. त्याची सोंड विहिरीतून खाली जाते, आणि वरच्या टाकीचा तळ उघडला की मातीचा आणखी एक ढीग तयार होतो.

मोठ्या कंपन्या इथे दिसत नाहीत. परवाना काढायचा, ५० बाय ५० किंवा ५० बाय १०० मीटरचा तुकडा निवडायचा, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या आणि नशीब अजमावायचं. ओपल कुठे असेल ते आधी खात्रीने सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही. एकाच्या खुंटीच्या अलीकडे काही नाही आणि शेजाऱ्याच्या खुंटीपलीकडे घबाड, हे इथलं नेहमीचं दुखणं.

गाईड भिंतीवर बॅटरी धरतात. पिवळट वाळूच्या दगडात बोटभर जाडीची एक राखाडी रेघ दिसते. तो पॉच. ओपलच, पण रंग नसलेलं. ते जिभेला बोट लावतात आणि रेघेवरून फिरवतात. काही होत नाही. हातभर पुढे जाऊन पुन्हा तेच करतात. या वेळी रेघेत तांदळाएवढी हिरवी ठिणगी चमकते. मान जरा वळवली की ती निळी होते, आणखी वळवली की विझते.

हा रंग दगडात भरलेला नसतो. ओपल म्हणजे सिलिका आणि पाणी. १९६४ मध्ये सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तेव्हा आत सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे दिसले. फळवाल्याने मोसंबी रचावीत तसे, थरावर थर. रचना शिस्तीची असेल तर त्या थरांतून जाताना प्रकाश फुटतो आणि रंग दिसतात. मोठे गोळे असतील तर लाल, लहान असतील तर निळा. रचना विस्कटलेली असली की तोच पॉच, त्याला किंमत नाही. १९५६ मध्ये इथल्या एट माइल भागात १७,००० कॅरटचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलोचा दगड निघाला. त्या वर्षी मेलबर्नला ऑलिंपिक होतं, म्हणून त्याचं नाव ऑलिंपिक ऑस्ट्रॅलिस.

आपल्याकडे ओपल पोचतं ते सहसा ज्योतिषामार्फत. शुक्र बिघडलाय, हिरा परवडत नाही, मग ओपल घाला. माझ्या आत्याच्या बोटात तसली अंगठी होती, पण तो दगड कुठून आला असेल असा विचार कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. आणि 'ओपल' शब्दाचं मूळ अनेक अभ्यासक संस्कृत 'उपल'पाशी नेऊन ठेवतात. उपल म्हणजे दगड. म्हणजे शब्द बहुधा इकडून गेला आणि दगड तिकडून आला.

(पडद्यावर: जमिनीखालचं घर. दिवाणखाना, पुस्तकं, घड्याळ.)

या घरांना इथे डगआऊट म्हणतात. आयपीएलमधलं डगआऊट डोक्यातून काढून टाका. दार टेकडीच्या पोटात उघडतं. आत तुळई नाही, खांब नाही, दगड स्वतःलाच पेलून आहे. भिंतीत कोनाडे. आजोळच्या वाड्यात होते अगदी तसे, फक्त दिव्याऐवजी त्यात फोन चार्ज होतोय. कपाट हवं, कोरा. फडताळ हवं, कोरा. धूळ झडू नये म्हणून भिंतींवर पारदर्शक लेप दिलेला असतो, आणि छतावर यंत्राच्या दात्यांच्या गोल रेघा राहिलेल्या असतात.

अजिंठा-वेरूळची आठवण न होता कशी राहील? फरक एवढाच, की आपल्या कारागिरांना लेणं हवं होतं आणि निघालेला दगड नको होता. इथे हवं ते दगडातून निघतं आणि खोली फुकटात पडते. गावाच्या हद्दीत खाणकामाला मनाई आहे, पण घराला खोली वाढवायला नाही. म्हणून, गाईड गंभीर चेहऱ्याने सांगतात, इथल्या लोकांना पाहुण्यांची फार हौस. पाहुण्यांसाठी खोली वाढवायची, मग त्यांच्या मुलांसाठी, मग त्यांच्या सामानासाठी.

सर्बियन चर्चही असंच खाली आहे, १९९३ मध्ये कोरलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सर्ब, क्रोएट, ग्रीक, इटालियन असे युरोपभरचे लोक ओपलपायी इथे आले, त्यांतल्या सर्बांचं हे देऊळ. भिंतीत संतांच्या मूर्ती कोरल्या आहेत. कुणी सांगितलं नाही, तरी आत गेल्यावर सगळ्यांचा आवाज आपोआप खाली आला.

(पडद्यावर: मुख्य रस्ता. एका सिनेमासाठी बनवलेलं मोडकं अंतराळयान. गॉल्फ मैदान.)

अंतराळयानापाशी बस वीस मिनिटं थांबली. त्यातली पंधरा वाया गेली, असं माझं मत. गॉल्फचं मैदान मात्र बघण्यासारखं, कारण त्यावर गवताचं पातं नाही. हिरवळीचा लहानसा तुकडा खेळाडू सोबत बाळगतात. पहिल्या टोल्याला तो चेंडूखाली ठेवायचा आणि मग उचलून पुढे न्यायचा. उन्हाळ्यात रात्री चमकणारे चेंडू घेऊन खेळतात. आणि गॉल्फचं माहेरघर मानल्या जाणाऱ्या स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजशी या क्लबचा परस्पर खेळण्याचा करार आहे. थट्टा वाटेल, पण खरं आहे.

(पडद्यावर: दुपार. कच्चा रस्ता. क्षितिजापर्यंत काळपट खडी.)

गावाच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कांकू-ब्रेकअवेज उद्यान. वाटेत मून प्लेन लागतं. झाड नाही, सावली नाही. जमिनीवर काचेचे पापुद्रे चमकतात. ते जिप्सम. हा सगळा समुद्राचा तळ होता, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा. शिंपले सापडतात, आणि कधी कधी शिंपल्याच्या जागी ओपल भरलेलं असतं. १९८७ मध्ये इथे एका सागरी सरीसृपाचा ओपल झालेला सांगाडा निघाला. त्याचं नाव एरिक, मुक्काम सिडनीच्या संग्रहालयात.

ब्रेकअवेज म्हणजे मुख्य पठारापासून तुटून सुट्या पडलेल्या टेकड्या. माथ्यावर कठीण दगडाची टोपी, पोटात मऊ माती. टोपी आहे तोवर टेकडी आहे, टोपी फुटली की पाऊस उरलेली वाहून नेतो. पाचगणीच्या टेबललँडला जांभ्याची टोपी आहे, काम तेच. इथे मात्र एक टेकडी पांढरी, तिला खेटून दुसरी तांबूस. आणि चार वाजता ऊन कलायला लागलं की दोन्ही वेगळ्याच होतात. इथे बस अर्धा तास थांबली. दोन तास थांबायला हवी होती.

या भूमीचे परंपरागत मालक अंताकिरिंजा मातू-यांकुनिजाजारा हे मूळ रहिवासी. २०११ मध्ये न्यायालयाने त्यांचा भूमिहक्क मान्य केला आणि हे उद्यानही त्यांच्याकडे आहे. टेकड्यांना त्यांच्या स्वतःच्या कथा आहेत. आमच्या फेरीत त्या दोन वाक्यांत आटोपल्या. अंतराळयानाला वीस मिनिटं आणि यांना दोन वाक्यं, हा हिशेब काही केल्या जुळत नाही.

पुढे कुंपण येतं. साधी तारेची जाळी, पुरुषभर उंचीची, जिकडेतिकडे असते तशी. पण ही ५,६०० किलोमीटर लांब आहे. डिंगो या रानकुत्र्यांनी मेंढ्या मारू नयेत म्हणून. जाळीच्या आत मेंढ्या, बाहेर गुरं आणि डिंगो. कॅमेरा एका टोकापासून दुसरीकडे फिरवला, पण दृश्य काही बदललं नाही.

जाळीपलीकडे, लांबवर, तीन उंट. मोकाट. हे मूळचे इथले नव्हेत. १८६० च्या दशकात कराची बंदरातून शंभराहून अधिक उंट जहाजाने दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरवले गेले, सोबत त्यांचे सारवान. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे मुंबई आणि पुण्यासकट एकाच सरकारच्या कारभाराखाली. रेल्वे आणि मोटारी येईपर्यंत या वाळवंटाचं पाणी, पीठ, लोकर, तारेचे खांब, सगळं त्यांच्याच पाठीवर होतं. मोटारी आल्यावर त्यांना सोडून देण्यात आलं. त्यांचीच ही प्रजा. कॅमेऱ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

(पडद्यावर: संध्याकाळ. मातीच्या ढिगावर वाकलेले पर्यटक.)

परतताना शेवटचा कार्यक्रम, नूडलिंग. खाणवाल्यांनी टाकलेल्या मुरमात राहून गेलेलं ओपल शोधायचं. मावळतीचं तिरपं ऊन त्याला चांगलं. आम्ही अर्धा तास उकिडवे बसून मुरूम चिवडला. ज्या काकांनी दिवसभर मान वर केली नव्हती, त्यांनी पँटच्या गुडघ्यांची पर्वा न करता ढीग उपसला. मला नखाएवढा एक तुकडा मिळाला. गाईडनी तो जिभेला लावला, उन्हात धरला आणि परत माझ्या तळहातावर ठेवला.

पॉच, म्हणाले.

(पडद्यावर: अंधार. मग मोबाईलच्या उजेडात खोलीचं छत.)

रात्री मोटेलच्या खालच्या खोलीत दिवा मालवला. खिडकी नाही, त्यामुळे फटीतून येणारा उजेडही नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते हात लावून बघावं लागलं. एवढ्यात छतातून कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. मग पावलं. मग कुणीतरी हसलं.

छतात पाईप होता. सकाळी आपण टेकडीवर पाहिला, तसाच.