आख्यायिकांचा पडद्यावरचा पुनर्जन्म

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या आख्यायिकेवर नवा, भव्य अद्भुतपट आला की एक तक्रार हमखास ऐकू येते, ती म्हणजे ‘मूळ कथेची मोडतोड केली’. या तक्रारीत तथ्य असतेच, पण ती करणाऱ्याने आधी मूळ कथा कोणती ते ठरवायला हवे, आणि तिथेच पंचाईत होते. ब्रिटनच्या दंतकथांमधल्या राजा आर्थरच्या कथेतून त्याचा सरदार लान्सलॉट याला वगळले तर आज आपल्याला ती अपुरी वाटेल. परंतु 1136च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथ या इतिवृत्तकाराने आर्थरचा वृत्तान्त लिहिला तेव्हा त्यात लान्सलॉट नव्हताच. राणीचा प्रियकर म्हणून त्याला त्याच शतकात पुढे क्रेत्यँ द त्र्वा या फ्रेंच कवीने आणले. म्हणजे मोडतोड करणारे चित्रपटवाले काही पहिलेच नव्हेत. तेव्हा बदल केला की नाही यापेक्षा तो कशासाठी केला, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पर्सियसची ग्रीक कथा घ्या. आपल्या मुलीचा मुलगा आपला जीव घेणार, असे भाकीत ऐकून आर्गोसचा राजा अक्रिसियस मुलीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला पेटीत घालून समुद्रात सोडून देतो. बाळ वाचते, मोठे होते, जिच्याकडे थेट पाहणारा दगड होतो त्या मेडुसा राक्षसिणीचे शिर ढालीतल्या प्रतिबिंबाकडे पाहत उतरवते, परतीच्या वाटेवर राजकन्या अँड्रोमेडाला समुद्री राक्षसापासून सोडवते आणि तिच्याशी लग्न करते. पुढे एका क्रीडास्पर्धेत पर्सियसने फेकलेली थाळी प्रेक्षकांत बसलेल्या एका म्हाताऱ्याला लागते आणि तो मरतो. तो म्हातारा म्हणजे अक्रिसियस. वैर नाही, द्वेष नाही, खेळता खेळता भाकीत खरे ठरते.

‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ हा चित्रपट 1981मध्ये आला आणि 2010मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. थाळीचा हा प्रसंग दोन्हींत नाही. जुन्या चित्रपटात अक्रिसियसला देवांचा राजा झ्यूस सुरुवातीलाच संपवतो. नव्यात तो विद्रूप खलनायक होऊन पर्सियसच्या मागे लागतो. नव्या पर्सियसला तर आणखी एक कारण पुरवले आहे: ज्या कोळी कुटुंबाने त्याला वाढवले ते पाताळाचा देव हेडीस याच्यामुळे बुडून मरते, आणि तो सूडासाठी निघतो. आजच्या पटकथेला नायकाच्या प्रत्येक पावलामागे अशी खाजगी जखम लागते. आख्यायिकेला ती लागत नव्हती. दिलेला शब्द किंवा कपाळी लिहिलेले भविष्य तिला पुरत असे. बारीकसारीक बदलांचे मला फारसे वाटत नाही. क्राकेन हा समुद्री राक्षस मुळात उत्तरेकडच्या नॉर्वेच्या समुद्रातला, तो ग्रीक कथेत 1981मध्येच शिरला. आणि मेडुसाच्या रक्तातून जन्मणारा पंखांचा घोडा पेगासस दोन्ही चित्रपटांत ती मरण्यापूर्वीच उडत असतो. हे चालून जाते. पण भाकिताचा धागाच तोडला की उरतो तो केवळ पाठलाग.

दृश्यांबाबतही असेच काहीसे झाले आहे. जुन्या चित्रपटातले प्राणी दृश्यचमत्कारांचे कसबी रे हॅरीहाउसेन यांनी स्टॉप मोशन तंत्राने घडवले होते. छोटी सांगाडेयुक्त बाहुली किंचित हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा किंचित हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशा चोवीस चौकटी लागतात. 1963च्या ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मधली सात सांगाड्यांची लढाई जेमतेम काही मिनिटांची, पण तिला चार महिन्यांहून अधिक काळ लागला. त्यांची मेडुसा हातात धनुष्य घेऊन, शेपटीचा खुळखुळा वाजवत, मशालींच्या उजेडात सरपटत येते, आणि तिच्या हालचालीतला तो अडखळलेपणाच अंगावर काटा आणतो. 2010ची संगणकावर घडवलेली मेडुसा चपळ आहे, गुळगुळीत आहे. नजर ठरण्याआधीच ती निघून जाते. जिच्याकडे पाहणे म्हणजे मरण, तिच्याकडे पाहण्याची भीती वाटायला क्षणभर तरी थांबावे लागते, हे नव्या मंडळींच्या ध्यानात आले नसावे. त्यातच ‘अवतार’ या त्रिमितीपटाच्या यशानंतर, मुळात त्रिमितीसाठी न चित्रित केलेला हा चित्रपट घाईघाईने त्रिमितीत रूपांतरित केला गेला. हा बदल कथेसाठी नव्हता, तिकीटबारीसाठी होता.

याउलट 2007चा ‘बेओवुल्फ’ पाहा. मूळ इंग्रजी महाकाव्यात नायक बेओवुल्फ हा ग्रेंडेल या राक्षसाच्या आईला ठार मारतो, आणि पन्नास वर्षे राज्य केल्यावर एका ड्रॅगनशी लढताना मरतो. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. चित्रपटात तो तिला मारतच नाही, तिच्या मोहाला बळी पडतो, आणि ड्रॅगन निघतो त्याचाच मुलगा. चित्रपटातले मेणचट चेहरे मला आवडले नाहीत, तरी पन्नास वर्षांच्या रिकाम्या जागेत कोणीतरी विचार करून काहीतरी ठेवले आहे, हे मान्य करावे लागते.

सर्वांत धीट बदल मात्र 2021च्या ‘द ग्रीन नाइट’मध्ये आहे. तो चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ज्या इंग्रजी काव्यावर बेतला आहे, त्यात आर्थरचा सरदार गवेन एका हिरव्या सरदाराचे शिर छाटतो, आणि वर्षभराने तसाच घाव सोसायला त्याने स्वतः यावे, असा करार असतो. तो जातो, पण जीव वाचवणारा हिरवा पट्टा लपवून कमरेला बांधतो. त्या लबाडीबद्दल मानेवर फक्त एक ओरखडा घेऊन परततो. चित्रपटातला गवेन पळून गेल्यास पुढचे आयुष्य कसे असेल ते डोळ्यांपुढे पाहतो, मग पट्टा स्वतःच सोडून टाकतो, आणि कुऱ्हाड पडते की नाही हे न दाखवताच चित्रपट संपतो. इथे शेवट बदलला, पण दिलेला शब्द पाळताना भ्यायलेला माणूस, हा काव्याचा गाभा अधिकच उघडा झाला.

एका गोष्टीची चुटपुट मला तरीही लागून राहिली. काव्यात गवेन दरबारी परतून आपला भ्याडपणा खाली मान घालून सांगतो, तेव्हा सारे सरदार प्रेमाने हसतात आणि त्याच्यासारखाच हिरवा पट्टा स्वतःही बांधू लागतात. ते हसू चित्रपटात कुठेच नाही.