४५० अंशांवर प्लॅस्टिकचं काय होतं

(दृश्य: पत्र्याच्या शेडमध्ये बंद भट्टी. खाली बर्नरची घरघर.)

प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून तेल काढायची ही भट्टी. जळतंय ते भट्टीच्या खाली. आत काहीच जळत नाहीये. आत दुधाच्या पिशव्या आहेत, फुटक्या बादल्या आहेत, किराण्याची पातळ पाकिटं आहेत. नाही ती फक्त हवा. आत नायट्रोजन वायू भरून ती आधीच बाहेर ढकललेली असते. ऑक्सिजनच नसल्यामुळे प्लॅस्टिक पेट घेत नाही. ते वितळतं आणि मग तुटायला लागतं. हजारो कार्बन अणूंच्या साखळीचे तुकडे पडतात. ५ ते १२ कार्बनचा तुकडा पेट्रोलच्या जातीचा. त्याहून लांब तो डिझेलच्या. विसाच्या बराच वर गेला, की मेण. आणि चार कार्बनपर्यंतचे तुकडे वायूच राहतात.

साखळी कुठे तुटणार, यावर सगळा धंदा उभा आहे.

(दृश्य: तापमानाचा काटा.)

पिशव्या-बादल्यांचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास जोरात तुटायला लागतं. ४५० ते ५०० च्या पट्ट्यात तेल भरपूर मिळतं. आच ७०० पर्यंत नेली, तर तयार झालेलं तेलही फुटून त्याचा वायू होतो. आच वाढवली म्हणून इंधन वाढत नाही.

पण काट्यावरचा आकडा फसवा असतो. प्लॅस्टिकमधून उष्णता फार हळू पसरते. भिंतीजवळ ५०० अंश असताना मधला गोळा अजून नुसता मऊ झालेला असू शकतो. भिंतीला चिकटलेला थर करपतो, त्याचा कोळसा होतो, आणि तो कोळसा आतल्या मालाला आणखी आच लागू देत नाही. म्हणून कुठे भट्टीच फिरती ठेवतात, कुठे आत ढवळणारं पातं बसवतात. साध्या भट्टीवरचा अनुभवी ऑपरेटर बर्नर एकदम मोठा करत नाही, तो याचसाठी.

(दृश्य: भट्टीच्या माथ्यावरून निघणारी नळी.)

तुटलेल्या तुकड्यांची वाफ होते, ती या नळीतून जाऊन थंड झाली की तेल. ही वाफ आत किती वेळ रेंगाळते, हेही तितकंच महत्त्वाचं. लगेच बाहेर काढली तर मेण जास्त येतं आणि ते थंड नळीत गोठून बसतं. फार वेळ गरम ठेवली तर वायू वाढतो. यावरची एक युक्ती मला फार आवडते: भट्टीच्या डोक्यावर जरा कमी गरम भाग ठेवायचा. जड वाफ तिथे द्रव होऊन परत खाली गळते, पुन्हा तुटते. हलकी तेवढी पुढे निसटते.

झिओलाइट या बारीक छिद्रांच्या खनिजासारखा उत्प्रेरक, म्हणजे तोडण्याचं काम सोपं करणारा पदार्थ, घातला, की हेच काम कमी तापमानाला होतं आणि पेट्रोलच्या जातीचे तुकडे वाढतात. मात्र त्याच्या बारीक छिद्रांत कार्बन साचतो, आणि कचऱ्यातली माती त्याला लवकर निकामी करते. प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच्या स्वच्छ दाण्यांवर मिळालेला निकाल कचऱ्यावर तसाच मिळत नाही, त्याचं हे एक कारण.

(दृश्य: वर्गीकरणाचा पट्टा. हातमोजे घातलेल्या बायका माल निवडताहेत.)

माझ्या मते खरं नियंत्रण इथे आहे, भट्टीपाशी नाही. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, ५७ टक्क्यांच्या आसपास, क्लोरीन असतं. पाइपचा तुकडा किंवा वायरचं आवरण आत गेलं, की ३०० अंशांच्या आसपासच हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू सुटतो आणि लोखंड खायला लागतो. पाण्याच्या बाटलीचं पीईटी तेल फारसं देत नाही. त्यातून निघणारी आम्लं थंड नळ्यांत घट्ट होऊन त्या चोंदवतात. तसंही बाटलीला भंगारात भाव आहे, तिला भट्टीत घालायचं कशाला? थर्माकोल मात्र सहज तुटतो, त्यातून स्टायरीनने, म्हणजे ज्यापासून थर्माकोल बनतो त्याच द्रवाने, भरलेलं तेल निघतं. आणि ओला माल आला, तर आधी पाण्याची वाफ करण्यातच बर्नरचं इंधन जातं.

(दृश्य: देहरादून, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियम.)

देहरादूनच्या या संस्थेत २०१९ मध्ये दिवसाला १ टन प्लॅस्टिक घेणारा डिझेलचा प्रकल्प सुरू झाला. तिथे भट्टीनंतरही तेलावर प्रक्रिया करावी लागते. कारण भट्टीतून थेट निघालेलं तेल अस्थिर असतं. साठवून ठेवलं तर काळवंडतं, त्यात डिंकासारखा चिकटा धरतो. ते जसंच्या तसं गाडीच्या टाकीत ओतण्याजोगं नसतं. सहसा ते बॉयलरमध्ये आणि भट्ट्यांमध्ये जळतं. थंड होऊनही द्रव न झालेला वायू तर शेडच्या बाहेरही जात नाही. तो पुन्हा याच बर्नरला लावतात.